तोरणमाळची थंडी आणि जीपचा रुसलेला हीटर

दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायचा आणि तसंच पुढे तोरणमाळला मुक्कामी जायचं, असा बेत होता. धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, मग म्हसावदवरून सातपुड्याचा घाट. गाडी आमची जुनी डिझेल जीप. दिवाळीनंतरच तिचा रेडिएटर, वॉटर पंप आणि होज पाईप बदलून घेतले होते, त्यामुळे इंजिन तापण्याची चिंता नव्हती. झालं उलटंच. तापेचना!

बाजारात घोडे बघण्यात दुपार गेली. (मारवाडी घोड्यांच्या किमती ऐकून मेहुण्याने जीपकडे जरा आदराने पाहिलं.) शहादा सोडेपर्यंत अंधार पडला, काचा वर केल्या, हीटर लावला, तर वारा नुसता कोमट. डॅशबोर्डच्या मागून गुडगुड आवाज आणि टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्याही बराच खाली. घाटात इंजिनावर जोर पडला तेव्हा थोडी ऊब आली, पण काच आतून धुरकट होत राहिली. अशा वेळी हीटरच्या भरवशावर राहू नका, एसी लावा. थंडी वाजते, पण हवेतली ओल निघून काच स्वच्छ होते, आणि सातपायरी घाटाच्या वळणांवर समोरचं दिसणं महत्त्वाचं.

गुडगुड म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात हवा अडकलेली. कूलिंगचं काम केल्यावर नुसतं वरून कूलंट ओतून झाकण लावलं की हे होतंच. इंजिनाचं हेच गरम पाणी ज्यातून फिरून केबिनला ऊब देतं, तो हीटरचा छोटा रेडिएटर बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो, हवा तिथे जाऊन बसते. तोरणमाळला सकाळी यशवंत तलावावर धुकं असताना आम्ही बॉनेट उघडून बसलो. इंजिन पूर्ण गार होतं, म्हणून झाकण काढलं. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं. गाडीचं तोंड चढाकडे, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, इंजिन चालू. थोडी रेस दिली की बुडबुडे येत, पातळी खाली जाई, आम्ही कूलंट भरत राहू. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. आवाज गेला.

पण उताराला लागलो आणि वारा पुन्हा गार. एका वळणावर थांबून केबिनकडे जाणारे हीटरचे दोन्ही रबरी पाईप हाताने चाचपले. ही परीक्षा शिकून ठेवा, फक्त पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब. एक पाईप गरम आणि दुसरा गार असेल तर हीटरमधून पाणी फिरत नाही: हवा, गाळ किंवा बंद व्हॉल्व्ह. दोन्ही चांगले गरम असूनही वारा गार, तर दोष वारा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपचा किंवा त्याच्या केबलचा. आमचे दोन्ही कोमट. म्हणजे पाणी फिरतंय, पण इंजिनच गार.

शहाद्यात मेकॅनिकने थर्मोस्टॅटची (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची) हाउसिंग खोलली. आत थर्मोस्टॅटच नव्हता! आधीच्या कामात कुणीतरी काढून टाकला होता. मेकॅनिक हसून म्हणाला, "भाऊ, आठे हीटर कोन लावस?" (इथे हीटर कोण लावतो?) खरंच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जाणाऱ्या आपल्या भागात थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही, हा समज पक्का रुजलाय. पण त्याशिवाय पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन हव्या त्या तापमानाला पोचत नाही, डिझेल जास्त लागतं. शिवाय काही इंजिनांत तो नसेल तर बरंचसं पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरतं, म्हणजे उन्हाळ्यात उलट तापण्याचीच भीती.

नवा बसवताना त्यावरचं हवेचं बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवायला सांगा. बिल देताना थर्मोस्टॅट बसवला का, हीटरचे पाईप एकमेकांना जोडून बंद तर केले नाहीत ना, हे स्वतः बघा. गळती थांबवणारी पावडर टाकू देऊ नका, ती आधी हीटरची बारीक नळी बुजवते. आणि कूलंटमध्ये बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या क्षाराने रेडिएटर किती चोक होतात ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन स्वस्त पडतो.

निघण्याआधी शहाद्यातच डिझेलची टाकी भरा, एक लिटर तयार कूलंट सोबत ठेवा आणि घाट दिवसाउजेडी चढा. परतताना दोंडाईचाच्या अलीकडेच मेहुण्याने हीटर बंद करायला लावला, उकडतंय म्हणून.