पोटरीतली कळ आणि घोट्याचा रक्तदाब

चालताना पोटरीत कळ येते, दोन-चार मिनिटे नुसते उभे राहिले की ती ओसरते आणि साधारण तेवढेच अंतर चालले की पुन्हा त्याच जागी उमटते. अशी तक्रार ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ म्हणून सोडून देण्यासारखी नसते, कारण पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे ते नेमके लक्षण असू शकते. मणक्यातील नस दबल्यामुळेही चालताना पाय दुखतात. परंतु त्या दुखण्याला बहुधा उभे राहून उतार पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. डॉक्टरांना हा फरक आवर्जून सांगावा.

माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या पायांच्या धमन्यांची तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली. आधी त्यांना काही वेळ शांत पडून राहायला सांगितले. मग दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतला आणि तोच पट्टा घोट्याच्या वर बांधला. पावलावर जेल लावून पेनासारखे डॉप्लर यंत्र तिरके टेकवताच धमनीतल्या रक्ताचा लयबद्ध आवाज ऐकू आला. पट्टा फुगवल्यावर तो बंद झाला आणि हवा सोडताना ज्या आकड्यावर परतला, तो घोट्याचा दाब. आतल्या घोट्यामागच्या धमनीवरही तसेच केले. घोट्याच्या मोठ्या आकड्याला दंडाच्या मोठ्या आकड्याने भागतात: दंडाचा दाब १५० आणि घोट्याचा १०८ असेल, तर उत्तर ०.७२. १.० ते १.४ हे सामान्य, ०.९० किंवा त्याहून कमी असल्यास धमनीविकार. ना सुई, ना भूल, ना उपाशी राहणे. इतकी साधी तपासणी मधुमेह्यांच्या नेहमीच्या भेटीत क्वचितच होते, याची मला मनापासून खंत वाटते.

वडिलांचे उत्तर १.४ च्या वर आले, आणि खरी मेख इथेच आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या विकारात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती इतकी ताठर होते की पट्ट्याने दबतच नाही. त्यामुळे रक्तपुरवठा कमी असूनही आकडा मोठा दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या ताठरत नाहीत. तो दाब दंडाच्या दाबाने भागून ०.७० पेक्षा कमी उत्तर आले तर पुरवठा अपुरा समजतात. वडिलांचे तसेच आले, आणि अडथळा नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी कलर डॉप्लर सोनोग्राफी झाली.

पाय सुजतात म्हणून दुकानातून घट्ट मोजे आणून घालणाऱ्यांनी आधी हा दाब मोजून घ्यावा. धमन्या अरुंद असतील तर त्या आवळण्याने इजा होऊ शकते. विडी-तंबाखू तर पूर्ण बंदच हवी. मात्र पाय एकाएकी थंड, पांढरा आणि बधिर पडला, तर तपासणीची तारीख घेत बसू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.