खोपोलीची दमट दुपार आणि रांगेतले नातेवाईक

अकोल्याच्या माणसाला ३६ अंशांचं काय सांगता? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि तरीही माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून कामं करतात. पण खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात बाबा ज्या ३६ अंशांत दमले, ते ३६ अंश वेगळे होते. गेल्यावर तासाभरातच दुपट्ट्याचं टोक पिळत ते म्हणाले, "इथ्लं ऊन काही नाही बाई, पण घाम काऊन वाळत नाही?"

प्रश्न अगदी मुळाचा होता. घाम येण्यानं शरीर थंड होत नाही, तो वाळण्यानं होतं. एक लिटर घाम पुरता वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. वऱ्हाडात उन्हाळ्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते. त्यामुळे ओला दुपट्टा डोक्यावर घेतला की पाच मिनिटांत गारवा, आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की खोलीत झोप लागते. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीला अडते आणि तिथंच साचून राहते. घाम नुसता ओघळतो, उष्णता अंगातच राहते. दुपट्टा ओलाच राहिला आणि वर गरम झाला. शेवटी तो मी पिशवीत टाकला आणि बाबांना डोक्याला फक्त टोपी दिली. मान आणि कान उघडे ठेवले तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

प्रवासाचं सांगण्यासारखं फार नाही. विदर्भ एक्सप्रेसनं कल्याण, डोंबिवलीला भावाकडे मुक्काम, आणि सकाळी त्याच्या गाडीनं द्रुतगती मार्गावरून खालापूर, तिथून खोपोली-पाली रस्ता. घाटाच्या दिशेनं टाटांच्या वीजकेंद्राकडे उतरणाऱ्या जाडजूड जलवाहिन्या दिसल्या. १९१५ पासून लोणावळ्याच्या बाजूच्या धरणांचं पाणी खाली खोपोलीला येऊन वीज तयार करतंय, हे बाबांनी नातवाला सांगितलं. त्यांना अशा गोष्टी फार आवडतात. ते एसटीत वाहक होते, आणि त्या नोकरीत जे जे गाव लागलं त्याची माहिती त्यांच्याकडे असतेच.

सकाळी ऊन कोवळं असताना भाऊ आणि माझा मुलगा नायट्रो या रोलर कोस्टरवर जाऊन आले. उघड्यावरच्या मोठ्या राइड्स उरकायच्या त्या तेव्हाच, याबद्दल माझं मत पक्कं आहे. बारा ते साडेतीन बंद इमारतीतल्या राइड्ससाठी ठेवायचे. राजासॉरस नावाच्या राइडच्या होडीत सगळे भिजले, आणि तिथं मुलानं आजोबांचं ज्ञान परत केलं. राजासॉरस हा आपल्याच देशातला डायनोसॉर, त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या परिसरात सापडली आणि त्याला नाव मिळालं २००३ साली. तो जगला त्या काळाच्या शेवटाला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता. त्याच लाव्ह्याचा हा समोरचा सह्याद्री आणि त्याचीच आमची अकोल्याची काळी माती. म्हणजे आपला घाम अडवणारा डोंगर आणि आपला कापूस पिकवणारी जमीन एकाच खडकाची, असं बाबा म्हणाले आणि मग बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले.

भिजण्याबद्दल एक सांगते. दमट हवेत भिजलेली जीन्स संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. सुती पातळ सलवार किंवा सैल पायजमा, आणि पिशवीत कोरडे मोजे. पाण्याचंही तसंच. वय वाढलं की तहानेची जाणीव कमी होते, म्हणून बाबांना "तहान लागली का?" असं विचारण्यात अर्थ नसतो. मी दर अर्ध्या तासानं पेला हातात देत होते, आणि मध्ये मध्ये ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, एवढं सगळ्यांना पाठ हवं. वाहकाच्या नोकरीत बाबांनी पाणी कमी पिण्याची सवय लावून घेतली होती, कारण पुढचं स्थानक कधी येईल याचा भरवसा नसायचा. ती सवय मोडताना मला दरवर्षी उन्हाळ्यात त्यांच्याशी वाद घालावा लागतो, आणि तो मी घालतेच.

पण हे सगळं लिहायला बसले ते दुपारच्या रांगेमुळे. 'आय फॉर इंडिया' या पडद्यासमोर उडाल्यासारखं वाटणाऱ्या राइडसाठी आम्ही उभे होतो. सुट्टीची गर्दी, छपराखाली माणसाला माणूस चिकटलेला, त्यात ती हवा. बाबांचा चेहरा लाल झाला होता आणि ते बोलायचे थांबले होते. मी त्यांना रांगेतून काढून बाजूच्या झाडाखाली बसवलं, मुलाला पाणी घेऊन त्यांच्याजवळ ठेवलं, आणि माझ्या मागच्या-पुढच्यांना सांगितलं की आमचा नंबर आला की ते येतील. ते पाहून आणखी दोन-तीन घरांतली म्हातारी माणसं तिथं जाऊन बसली. अनोळखी माणसांत लगेच गप्पा सुरू झाल्या.

नंबर जवळ आल्यावर बाबा परत आले, तेव्हा मागून एक तरुण ओरडला, "ओ काका, आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत का? मागे जा." बाबा एक शब्द बोलले नाहीत. उभी हयात ज्यांनी भरल्या गाडीत म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना जागा करून दिली, ते वळले आणि रांगेच्या शेवटाकडे चालू लागले. माझा घसा दाटून आला.

माझ्या पुढे काठापदराची साडी नेसलेली एक बाई उभी होती. गंगाखेडची, हे नंतर कळलं. तिनं बाबांचा हात धरला. "मामा, कुठं निघालात? तुम्ही आमच्या संगट हायेत." आणि मागं वळून त्या मुलाला म्हणाली, "दादा, हे आमचे मामा हायेत. काही म्हणणं हाय का?" तिच्यापुढच्या माणसानं झाडाखालच्या एका आजींना हाक मारली, "मावशी, या, नंबर आला." ती त्याची कोणी नव्हती. मग एकजण "आत्या" म्हणून कुणाला बोलवायला लागला. दोन मिनिटांत झाडाखालची सगळी माणसं कुणाची ना कुणाची नातेवाईक होऊन रांगेत आली. तो मुलगा गप्प झाला, आणि थोड्या वेळानं त्यानंच एका आजोबांना कठड्याला टेकायला जागा करून दिली. मला त्याचाही राग उरला नाही. उकाड्यात डोकं कुणाचंही तापतं.

आत वातानुकूलित काळोख होता. खुर्च्या उचलल्या गेल्या, पाय अधांतरी झाले, आणि देशभरच्या जागांवरून आपण उडतोय असं वाटू लागलं. बाबांनी खुर्चीचा दांडा घट्ट पकडला होता. अंगावर गार वारा आला तसा त्यांचा चेहरा सैल झाला. एकदा मोठ्यानं हसलेही. मी पडद्याकडे फार कमी पाहिलं.

गर्दीच्या दिवसांत म्हाताऱ्यांनी सावलीत बसावं आणि त्यांची जागा रांगेनं राखावी, ही रीतच व्हायला हवी. ज्याला सहा महिने आधी बायपास झाली आहे, त्यानं दीड तास उभं राहण्यात न्याय कसला? एसटीत ज्येष्ठांसाठी आसनं राखीव असतात, त्यावर कुणी भांडत नाही.

बाहेर आल्यावर गंगाखेडच्या ताईंनी आम्हाला कोकम सरबत पाजलं आणि पैसे घेऊ दिले नाहीत. दोघींनी फोन नंबर घेतले. बाबांनी तर त्यांच्या यजमानांशी परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या एकेका थांब्याची उजळणी केली. दिवाळीनंतर तिकडे जायचं ठरलंय. मे महिन्यात नाही, हे बाबांनी स्वतःच सांगितलं.