गाव मळ्यात राहायला गेलं

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या कुठल्याही गावाकडे संध्याकाळी सातनंतर बघा. गावठाणात दिवे मोजके, शिवारभर मात्र लुकलुकाट. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पटनोंदणीसाठी दारोदार जायचं म्हणजे बांधाबांधानं, पाणंदीनं मळ्यात जायचं. गावातल्या जुन्या वाड्यांना कुलपं आहेत, नाहीतर म्हातारी माणसं.

जुनं गाव एका जागी दाटीनं वसलं त्याला कारणं होती. प्यायचं पाणी ठरावीक आडांवर, दरोड्यांची भीती, आणि काळी जमीन पिकासाठी राखायची म्हणून वस्ती पांढरीवर. त्या मांडणीत जातही होती. गावकुसाबाहेर कुणी राहायचं आणि पाणवठ्यावर कुणी कुठे भरायचं, हे ठरलेलं असे. त्या गावाबद्दल कुणी हळवं होऊन बोलू लागलं की मला याची आठवण करून द्यावीशी वाटते.

मळ्यात वस्ती हलली ती पाण्यामागे. दारणा धरण 1916 चं, पण त्याचं पाणी नेणारे, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले कालवे मुख्यतः कोपरगाव-राहात्याकडचं रान भिजवतात. आमच्याकडचे बरेचसे मळे वसवले विहिरींनी, नदीवरच्या उपशांनी आणि विजेच्या मोटारींनी. मग द्राक्ष आलं. द्राक्षाला लांबून सांभाळता येत नाही. छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी या बुरशीच्या रोगाच्या धाकानं पहाटेच फवारणीचा ट्रॅक्टर काढायचा. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की रात्री उठून बागेला पाणी सोडायचं, शेकोट्या पेटवायच्या. त्यात मोटारीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची. कोण रोज गावातून ये-जा करणार? घर बागेच्या कडेलाच बांधलं जातं.

माझी पहिली नेमणूक जिल्ह्याच्या डोंगराळ सुरगाणा तालुक्यात होती. तिथे गाव म्हणजे पाच-सहा पाडे, प्रत्येक वेगळ्या टेकाडावर. उतारावर नागली-वरई, खाली खाचरात भात, मधे घरं. पावसाळाभर कोसळणारं पाणी उतारावरून निघून जातं आणि उन्हाळ्यात बायका झिऱ्यावर वाटी-वाटीनं हंडा भरतात. भात निघालं की माणसं मजुरीला खाली येतात, दिंडोरी-निफाडच्या बागांत.

म्हणजे एकाच जिल्ह्यात वरचा पाडा रिकामा होतो तेव्हा खालच्या मळ्यात वस्ती वाढते. बागेच्या टोकाला ताडपत्रीच्या झोपड्या, दोन-चार महिन्यांच्या. गावठाणाच्या नकाशावर त्या नाहीत आणि नळयोजनेतही नाहीत. मुलाचं नाव सुरगाण्याच्या पटावर, मूल मात्र इथे धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं. स्थलांतरित मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड कागदावर आहे. ते मुलाच्या हाती पडलं तर उपयोग.

वस्ती आणि शेत एकमेकांवाचून टिकत नाहीत, हे नाशिककरांना पांडवलेण्यात कोरलेलं वाचता येतं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातली एक राजाज्ञा आहे. कखडी गावात भिक्षूंना आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतली 100 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) त्यांना द्यावीत, असा तिचा आशय. गाव उठलं हे राजदरबारी कळलं, आणि त्याप्रमाणे निर्णय बदलला. आज आमच्या योजना मात्र अजून गावठाण धरूनच आखल्या जातात. माणसं मळ्यात राहतात, आणि पावसाळ्यात पाणंदीत गुडघाभर चिखल म्हणून पहिलीची पोरं घरी बसतात.

ऑक्टोबर छाटणीला मजुरांच्या टोळ्या उतरल्या की मी मुकादमाला आधी पाडा विचारते, मग मुलं. तिथल्या गुरुजींना फोन करून मुलं आमच्याकडे बसवून घेते. गेल्या हंगामात एका मळ्यातल्या काकूंनी पॅकिंग शेडचा कोपरा संध्याकाळच्या अभ्यासाला दिला, बल्बही लावून दिला. यंदा आणखी दोन मळ्यांत विचारून ठेवलंय.