ग्रासियास, बैला!

आज मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात, ऑफिसात शेजारच्या दोघी गप्पा मारत होत्या. दर तिसऱ्या शब्दाला 'वेइ'. "नो, वेइ!" "सी, वेइ!" मूळ स्पॅनिश शब्द 'बुएइ', म्हणजे चक्क बैल! आधी ती शिवीच, आपल्या 'बैलोबा'सारखी. आता मेक्सिकोत मित्र, 'तो माणूस', 'अगं', 'अरे' सगळं त्यात बसतं. मूर्ख हा अर्थही गेलेला नाही, सुरावरून ओळखायचा.

दुपारी तोर्ता आओगादाच्या, म्हणजे सालशात बुडवलेल्या सँडविचच्या, गाडीवर साठीच्या काकांना मी जोशात 'थँक्यू' म्हटलं, "ग्रासियास, वेइ!" पळी हवेतच थांबली. मित्राने कोपर मारलं: मोठ्यांना 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही'; बैल फक्त बरोबरीच्यांना. काका मात्र हसले आणि पावावर तिखट सालसा जरा सढळ हाताने ओतला.

नाक अजून वाहतंय, वेइ.