नवतपा आणि डावा डोळा

२७ मे, नागपूर

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलाय. घरात सगळ्यांना कूलरसमोरची जागा हवी, मी मात्र कूलरला पाठ करून, भिंतीकडे तोंड करून झोपते. डावा डोळा पूर्ण मिटत नाही. वारा सरळ बुबुळावर येतो आणि पहाटे वाळू गेल्यासारखं खुपतं. शिवाय डाव्या कानामागचं हाड ऑपरेशनमध्ये कोरलंय. तिथल्या पोकळीत थंड हवा शिरली की घर गरगरतं, कारण तोल सांभाळणारा आतला कान तिला लागूनच आहे.

लोक बघतात ते माझ्या वाकड्या तोंडाकडे. परवा बर्डीच्या बाजारात भाजीवालीनं विचारलं, "काहून वं माय, लकवा मारला का?" मायेनंच विचारलं तिनं. मेंदूच्या झटक्याचा लकवा नाही म्हणून सांगितलं. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ वाचतं, दोन्ही भुवया उचलता येतात. माझं कपाळही डावीकडे सपाट आहे, कारण बिघाड मेंदूत नाही, चेहऱ्याच्या नसेत आहे. ही सातवी नस चेहऱ्यावर यायच्या आधी कानाच्या हाडातल्या बोगद्यातून जाते. मधल्या कानापाशी त्या बोगद्याची भिंत अंड्याच्या टरफलासारखी पातळ असते. काही जणांत तर जन्मापासून तिथे हाडच नसतं.

लहानपणापासून माझा कान वाहायचा. वास यायचा. आजी लसूण टाकून कोमट तेल सोडायची. थेंब घातले की वाहणं थांबायचं आणि सगळे म्हणायचे, झालं बरं. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला घाई नव्हती. आत कोलेस्टिएटोमा वाढत होता. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी होते, त्यात मेलेली कातडी साठत जाते, आणि ती पिशवी आजूबाजूचं हाड हळूहळू खाते. आधी ऐकू येण्याची बारीक हाडं गेली, मग त्या बोगद्याची भिंत. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं, तेव्हा कळलं.

ऑपरेशननं कान कोरडा झाला, नस मात्र अर्धीच परतली. त्यातही काही धागे भलत्याच स्नायूंना जाऊन जुळले. त्यामुळे घास चावताना डोळा आपोआप बारीक होतो आणि झोपताना मिट म्हटलं तर मिटत नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम सांगतात, जोर लावायचा नाही, आरशासमोर अगदी सावकाश, छोट्या हालचाली करायच्या. मी करते. कंटाळा येतो, तरी करते.

प, फ, ब, भ, म म्हणताना डावीकडून हवा निसटते. तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखन सांगताना मी गाल बोटानं दाबून धरते. एक मुलगी तर पहिल्या बाकावरून आठवण करते, "मॅडम, गाल धरा ना, भ नीट ऐकू नाही येत." मला ती फार आवडते.

पण दिवसभराचं खरं काम डोळ्याचंच. थेंब पर्समध्ये, टेबलावर, उशीपाशी. रात्री मलम घालून वर कागदी टेप. टेपच्या आधी पापणी हातानं नीट मिटून घ्यावी लागते. आत डोळा उघडा राहिला तर टेपच बुबुळाला घासते. या उकाड्यात घामानं टेप सुटते, म्हणून आधी कपाळ-गाल कोरडे पुसायचे, मग लावायची. बाहेर पडताना सगळ्या बायांसारखा दुपट्टा बांधते. त्यात तोंड झाकलं जातं आणि डोळाच तेवढा उघडा राहतो, त्यावर मोठा गॉगल. ऊन आणि धूळ, दोन्ही त्यालाच बाधतात. हसू वाकडं झाल्याचं दुःख आहे, ते नाही म्हणणार नाही. पण वाकड्या हसण्यानं नजर जात नाही. बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर जाऊ शकते.

संध्याकाळी शेजारणीकडे गेले तर तिच्या पोराच्या कानात कापूस. कापूस पिवळा, आणि तो ओळखीचा वास. ती तेल कोमट करत होती.

"किती दिवस वाहतोय?"

"अवो ताई, त्याचा तर नेहमीचाच आहे. पावसाळ्यात जास्त वाहते."

मी गॅस बंद केला. माझा चेहरा ती रोज बघते, पण तो कानामुळे असा झाला हे तिला माहीतच नव्हतं. सगळं सांगितलं. प्रत्येक वाहत्या कानात हे असतंच असं नाही, पण वास मारणारा, पुन्हा पुन्हा वाहणारा कान दुर्बिणीतून तपासलाच पाहिजे, हेही सांगितलं. ती घाबरली, मग म्हणाली, "तुम्ही सोबत येता का?"

उद्या सकाळी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, कान-नाक-घसा ओपीडीत जायचं आहे. ऊन चढायच्या आत निघायचं, म्हणून ऑटोवाल्याला साडेसातलाच बोलावलंय.