हाताच्या उंचीवर

कोल्हापुरात घराची खरी उलथापालथ दिवाळीला होत नाही, घट बसायच्या आधी होते. पितृपक्षाच्या पंधरवड्यात वाकळा-चादरी पंचगंगेच्या घाटावर नि रंकाळ्यावर धुवायला जातात आणि घरोघरी माळ्याला शिडी लागते. सकाळच्या उत्साहात अख्खा माळा खाली येतो. दुपारी चारला सोप्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि दिवेलागणीला जे आलं ते तसंच, फक्त पुसून, पुन्हा वर जातं. घर स्वच्छ होतं, पण मोकळं काही होत नाही.

इथं चुकतं ते माप. सहा बाय चारची एक सतरंजी अंथरायची आणि तिच्यावर मावेल एवढंच खाली काढायचं. तेवढं निकालात निघाल्याशिवाय शिडीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. दिवसाला दोन सतरंज्या झाल्या तरी पुष्कळ. खोकी मात्र एकही परत वर जाऊ द्यायची नाहीत. पुठ्ठा पावसाळाभर दमट राहतो आणि त्याचा डिंक झुरळांना नि कसरीला आवडतो. टाकायचं ठरलं ते त्याच दिवशी उंबऱ्याबाहेर गेलं पाहिजे. दाराआड ठेवलेली पिशवी आठवड्यात पुन्हा घरची होते. बोहारणीचा व्यवहारही जपून करावा. पाच साड्या जातात, एक पातेलं येतं, आणि मग त्या पातेल्याला जागा शोधत बसावं लागतं.

पसारा वस्तू जास्त झाल्यानं होतो असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. बराचसा पसारा वस्तू चुकीच्या उंचीवर बसल्यानं होतो. जुन्या पेठांतल्या घरांत बघा: देवळी, खुंटी, फडताळ, सगळं गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. देवळी जेमतेम वीतभर खोल, त्यामुळे तिच्यात एकच रांग मावते आणि मागे काही हरवत नाही. आताच्या ओट्याखालचा कडप्पा दोन फूट खोल असतो. पुढच्या रांगेत रोजचे डबे, मागच्या रांगेत गेल्या साली आणलेला साबुदाणा, आणि तो सापडत नाही म्हणून पुन्हा आणलेला साबुदाणा. यावर महागडे सरकते ड्रॉवर हवेतच असं नाही. मागे दोन विटा ठेवून त्यावर फळी टाकली की मागची रांग तीन-चार इंच वर येते आणि झाकणं दिसायला लागतात. नाहीतर डबे एका लांबट ट्रेमध्ये ठेवावेत आणि ट्रेच बाहेर ओढावा. नवे डबे सगळ्यात शेवटी, मोजून आणावेत. आधी डबे आणले की ते भरण्यासाठी सामान येतं.

चटणीचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते आणि मोठ्या बरणीत जाते, वर हिंगाचे खडे. ही बरणी जड, म्हणून तिची जागा खाली, पण फरशीवर नाही, लाकडी पाटावर. पावसात फरशीला पाणी सुटतं. तिच्यातली आठवड्यापुरती चटणी छोट्या बरणीत काढून ती शेगडीच्या उजव्या हाताला ठेवावी. मोठी बरणी आठवड्यातून एकदाच उघडावी, कोरड्या चमच्यानं. रोज ओल्या हातानं उघडली की श्रावणापर्यंत तिला बुरशी येणार. गुळाचंही तसंच. ढेप फोडून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी, नाहीतर हवेतलं पाणी ओढून ती पाघळते आणि डब्याखाली मुंग्यांची जत्रा भरते.

चपलांच्या बाबतीत मात्र बंद कपाटाचा सोस नडतो. कोल्हापुरीचं कातडं हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं. दारं लावलेल्या कपाटात, त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर पांढरी बुरशी चढते. मृग लागायच्या आधी जोड पुसून, सावलीत वाळवून, तेलाचा अगदी हलका हात फिरवून सुती पिशवीत घालावा आणि हवा लागेल असा खुंटीला टांगावा. कडक उन्हात वाळवला तर कातडं तडकतं. कपाटंही पावसाळ्यात भिंतीपासून दोन-तीन बोटं लांब सरकवावीत. जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळाव्यात, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालावी. त्याच घडीवर जर तुटते, आणि डांबराच्या गोळीला टेकली तर काळी पडते.

राहता राहिला माळ्यावरचा तांब्याचा बंब. त्यात कुणी पाणी तापवत नाही आणि तो मोडीत घालायचं धाडसही कुणी करत नाही. त्याला खाली आणा. चिंच-मीठ लावून घासा, धुतल्या धुतल्या कोरडा पुसा, नाहीतर डाग पडतात, आणि सोप्याच्या कोपऱ्यात एकटाच उभा करा. शेजारची भिंत मोकळी राहू द्या. एक बंब शोभतो. त्याच्याजोडीला घागर, परात, समई मांडली की भांड्यांचं दुकान वाटतं.

बंब उतरला की अर्धा माळा रिकामा होतो, आणि लगेच तो भरायला हात शिवशिवतात. नदीकाठच्या पेठांत तरी तो रिकामाच ठेवावा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की इथं उंचीचा हिशेब फुटा-इंचात सुरू होतो. 2019 च्या ऑगस्टचा आणि 2021 च्या जुलैचा महापूर ज्या घरांनी पाहिला, तिथं खालच्या कप्प्यात कागदपत्रं नसतात, स्टीलची भांडी असतात. ऐन वेळी गाद्या, कागदांची पेटी, मिक्सर, शाळेची दप्तरं वर टाकायला जागा लागते, आणि त्या रात्री माळा आवरत बसायला कुणाला सवड नसते. बंब खालीच राहू द्या. पाणी ओसरलं की चिखल धुवायचा, पुन्हा थोडी चिंच लावायची.