वर्षाला शंभर भारतीय: एका जुन्या कायद्याच्या मागे लायब्ररीत

इथे अमेरिकेत चार देशी लोक जमले की गप्पा फिरून फिरून ग्रीन कार्डवरच येतात हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल, वर्षाच्या ग्रीन कार्डांतली एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त नाही हा नियम आणि त्यामुळे आपली मारुतीच्या शेपटासारखी रांग. गणपतीत असंच रडगाणं चालू असताना एक काका म्हणाले, अगं हे काहीच नाही, एके काळी अख्ख्या हिंदुस्थानातून वर्षाला फक्त १०० माणसं घ्यायचे. कोणालाच खरं वाटेना. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं, एच फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाच्या आधाराने इथे असल्यामुळे वेळ भरपूर, आणि घरापासून बसने थोडक्या अंतरावर युनिव्हर्सिटीची लायब्ररी.

मी तिथली स्टुडंट नाही, तरी आत जाता येतं. कारण ती फेडरल डिपॉझिटरी लायब्ररी आहे. म्हणजे सरकारी छापखाना, ज्याला इथे सगळे जीपीओ म्हणतात, काँग्रेसची (म्हणजे इथली संसद) आणि सरकारी खात्यांची प्रकाशनं अशा लायब्रऱ्यांना फुकट पाठवतो आणि त्या बदल्यात ती प्रकाशनं कोणालाही फुकट बघू द्यायची अशी कायद्यातच अट आहे. कार्ड नको, फी नको, "तुम्ही कोण, कशासाठी पाहिजे, अर्ज आणा" नको. (आपल्याकडच्या काही ऑफिसांतल्या रेकॉर्ड रूम आठवून मला उगाचच भरून आलं.) फक्त पुस्तकं घरी न्यायची नाहीत, तिथेच बसून वाचायचं.

गुगलवर १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा दोन मिनिटांत सापडतो. जुलै १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी सही केली, भारतीयांना आणि फिलिपिनो लोकांना नागरिक होता येईल असं ठरलं, आणि भारताचा कोटा वर्षाला १००. म्हणजे काका बरोबर होते. पण मला हवं होतं ते पुढचं. १०० च का, विरोध कोणाचा होता, आपल्या बाजूने कोण बोललं? ते कायद्यात नसतं, कायदा म्हणजे जेमतेम दोनेक पानं.

तिथल्या गव्हर्नमेंट डॉक्युमेंट्सच्या बाईंनी मला उलटं जायला शिकवलं. आधी मंजूर कायदा धरायचा, तो स्टॅट्यूट्स ॲट लार्ज नावाच्या जाड खंडांत असतो, माझा ६० व्या खंडात पान ४१६ वर. तिथे समासात बारीक अक्षरात मूळ बिलाचा नंबर असतो, एच आर ३५१७. हा नंबर हातात आला की किल्लीच मिळाली, कारण मग कमिटीचा रिपोर्ट, सभागृहातली चर्चा, सगळं त्या नंबरावरून लागतं. रिपोर्ट सीरियल सेटमध्ये, ही १८१७ पासूनची बांधीव मालिका आहे, नुसती कपाटंच्या कपाटं. चर्चा काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये, तो १८७३ पासूनचा. त्यातही गंमत आहे, रोजची आवृत्ती वेगळी आणि नंतर बांधलेली वेगळी, दोघांचे पान नंबर जुळत नाहीत, त्यामुळे कुठल्या लेखात पान दिलेलं असलं तर ते कुठल्या आवृत्तीचं हे आधी बघायचं नाहीतर शोधत बसा.

खरा माल मात्र हिअरिंगमध्ये असतो. कमिटीसमोर लोक येऊन बोलतात, प्रश्नोत्तरं होतात, ते सगळं शब्दशः छापलेलं. आणि बहुतेक हिअरिंग सीरियल सेटमध्ये नसतात, वेगळ्या ठेवलेल्या असतात. शेल्फवरची मांडणीही विषयवार नाही, ज्या खात्याने छापलं त्याप्रमाणे, काँग्रेसच्या कमिट्यांचे नंबर वाय ४ ने सुरू होतात. जुन्या कितीतरी गोष्टी मायक्रोफिशवर आहेत, पोस्टकार्डाएवढी फिल्म, मशीनखाली सरकवत वाचायची, तासाभरात डोळे आणि मान दोन्ही जातात.

कॅटलॉगमध्ये नुसतं इंडियन टाकलं तर सगळे इथले मूळ रहिवासीच येतात. आपल्यासाठी त्या काळात हिंदू, ईस्ट इंडियन, आणि १९४५ च्या हिअरिंगच्या शीर्षकात तर चक्क ईस्टर्न हेमिस्फिअर इंडियन्स. शीख असो, मुसलमान असो, सरकारदरबारी हिंदू. १९१४ मध्ये एक हिअरिंग झाली तिचं नावच हिंदू इमिग्रेशन आहे, तिथे आयोवा युनिव्हर्सिटीत शिकवणारे सुधींद्र बोस आपल्या लोकांच्या बाजूने बोलायला गेले होते.

वाचता वाचता मागे मागे गेले. १९१७ चा इमिग्रेशनचा कायदा काढला, राष्ट्राध्यक्ष विल्सननी व्हेटो केला होता तरी काँग्रेसने तो डावलून मंजूर केला. त्यात भारताचं नावच नाही! सरळ अक्षांश रेखांश दिलेत, ग्रीनिचच्या पूर्वेला ५० ते ११० रेखांश, ५० अक्षांशाच्या दक्षिणेला, या पट्ट्यातल्या लोकांनी यायचं नाही. माझं रत्नागिरी साधारण ७३ वर, म्हणजे अगदी मधोमध. नकाशा समोर घेऊन कोणीतरी पट्टीने रेघा मारल्या असणार. विद्यार्थी, डॉक्टर, वकील, प्रवासी अशांना सूट होती, मजुरांना नाही. मग १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबहून इथे आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही सबब नागरिक नाही, आणि ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला लागले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित. पंडितांवरही सरकारने नागरिकत्व काढून घ्यायची केस टाकली आणि ती मात्र ते जिंकले, हे मला आधी कुणीच कसं सांगितलं नव्हतं?

या सगळ्यानंतर १०० हा आकडा बघितला की तो फारसा उदार वाटत नाही, पण क्षुल्लकही वाटत नाही. १०० लोकांपेक्षा नागरिकत्वाचा हक्क मोठा होता. दलीप सिंग सौंद कॅलिफोर्नियात शेती करत होते, या कायद्यामुळे नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट काँग्रेसवर निवडून आले. आणि ज्या सेलरचं नाव या कायद्याला आहे तोच माणूस १९६५ च्या कायद्यातही आहे, ज्याने जुने राष्ट्रवार कोटे गेले आणि आपली गर्दी सुरू झाली. १९२३ ते १९७३ तो हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात होता, चिकाटी म्हणायची ती ही.

तुम्हाला पुण्यात बसून बघायचं असेल तर काँग्रेशनल रेकॉर्ड गव्हइन्फो या सरकारी साइटवर फुकट आहे, अगदी १८७३ पासून. जुन्या हिअरिंग शोधायचा चांगला डेटाबेस मात्र पैसे भरून घ्यावा लागतो, तो मी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर वापरते. फेडरल सरकारच्या छापील कागदांवर इथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे १९४५ च्या हिअरिंगची पानं कोणाला हवी असतील तर कमेंटमध्ये सांगा, स्कॅन करून पाठवते, लायब्ररीतला स्कॅनर फुकट आहे.